डॉ. एडवर्ड अँगल : दातांच्या तारेमागचा माणूस



आपल्या अमरावती-अकोल्याकडे आता दाताला तार लावलेली मुलं शाळेत सहज दिसतात. दोन्ही शहरांत दंत महाविद्यालये आहेत, त्यामुळे या उपचारासाठी मुंबई-पुणे गाठावं लागत नाही. तार निघते त्या दिवशी घरात आनंद असतो, फोटो काढले जातात. पण डॉक्टरांनी सोबत दिलेला रिटेनर कधी कधी महिनाभरात कपाटात जाऊन पडतो. मग दात हळूहळू परत फिरू लागतात. पैसा जातो, दीड-दोन वर्षं जातात आणि लेकरानं सोसलेला त्रासही वाया जातो.

असं का होतं? हे समजून घ्यायला ज्या माणसाने हे शास्त्र उभं केलं त्याचं चरित्र फार उपयोगी पडतं. म्हणून आज आपण डॉ. एडवर्ड अँगल यांची ओळख करून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

एडवर्ड हार्टली अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हेरिक या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचं, भावंडं सात. लहानपणापासून त्यांचा ओढा अवजारांकडे होता. पुढे ते एका दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले आणि १८७८ साली दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले.

सुरुवात काही सोपी नव्हती. तब्येतीच्या तक्रारीमुळे गाव सोडून त्यांना मिनेसोटा राज्यात जावं लागलं. मधेच दंतवैद्यकी सोडून त्यांनी मोंटाना भागात मेंढ्या पाळण्याचा धंदा केला. कडाक्याच्या हिवाळ्यात तो बुडाला. मग ते पुन्हा आपल्या मूळ कामाकडे वळले आणि यावेळी वेड्यावाकड्या दातांच्या मागे लागले ते कायमचेच.

सहाव्या वर्षाची दाढ

त्या काळी वाकडे दात सरळ करणे हे दंतवैद्याचं जोडकाम होतं. प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने स्क्रू, तारा, पट्ट्या बनवून घ्यायचा. कोणाचा दोष कोणत्या प्रकारचा हे सांगायला सर्वमान्य भाषाच नव्हती.

अँगल यांनी आधी साधनं ठरावीक केली. जर्मन सिल्व्हरचे सुटे भाग तयार करून ते कोणालाही जोडता येतील असे बनवले. १८८७ साली वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी आपली पद्धत मांडली. त्याच लेखनातून पुढे त्यांचं पुस्तक वाढत गेलं. त्याची सातवी आवृत्ती १९०७ साली निघाली.

१८९९ साली त्यांनी दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग सांगितले. त्यासाठी खूण म्हणून त्यांनी पहिली कायमची दाढ धरली. वरची आणि खालची दाढ एकमेकींवर कशी बसते, खालची दाढ योग्य जागी आहे, मागे आहे की पुढे आहे, यावरून हे तीन वर्ग पडतात. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी जगभरचे डॉक्टर आजही केसपेपरवर हेच वर्ग लिहितात.

आपल्यासारख्या प्राथमिक शिक्षकांसाठी ही दाढ महत्त्वाची आहे. ती साधारण सहाव्या वर्षी, म्हणजे मूल पहिलीत असताना येते. दुधाचा कोणताही दात न पडता ती सगळ्यात मागे गुपचूप उगवते. त्यामुळे पुष्कळ आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी पडेलच म्हणून सोडून दिली जाते. ती पडली तर पुन्हा येत नाही, आणि तिच्या जागेत बाजूचे दात कलतात. पालकसभेत एवढी एक गोष्ट सांगितली तरी मोठं काम होईल.

स्वतंत्र विषय, स्वतंत्र शाळा

दात सरळ करणे हा पूर्णवेळ करण्याचा वेगळा विषय आहे असं अँगल यांचं मत होतं. दंत महाविद्यालयांत त्याला पुरेसा वेळ मिळत नाही हे पाहून त्यांनी १९०० साली सेंट लुईस शहरात स्वतःची शाळा सुरू केली. त्याच सुमारास या विषयाच्या डॉक्टरांची पहिली संघटनाही त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

शाळेत फक्त तारा वळवायला शिकवत नसत. चेहऱ्याची ठेवण कळावी म्हणून एडमंड वुरपेल नावाचे चित्रकला शिक्षक तिथे शिकवायचे. अँगल यांच्या कामात त्यांच्या पत्नी ॲना हॉपकिन्स यांचा मोठा वाटा होता. आधी त्या त्यांच्या सचिव होत्या. पुढे त्यांनी स्वतः दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि १९०८ साली दोघांचं लग्न झालं. लेखन, शाळा, पत्रव्यवहार या सगळ्याची घडी त्यांनी बसवली.

तारेची साधनं अँगल आयुष्यभर सुधारत राहिले. त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंट आहेत. सत्तरीत असताना त्यांनी शेवटचं साधन पूर्ण केलं, ते 'एजवाइज'. दातावर बसवायच्या छोट्या चौकटीत आडवी खाच आणि त्या खाचेत बसणारी चौकोनी तार. चौकोनी तार खाचेत फिरत नाही, त्यामुळे दात पुढे-मागे, वर-खाली आणि मुळापासून कलता करणं डॉक्टरांच्या हातात आलं. आज मुलांच्या दातांवर जे ब्रॅकेट दिसतात ते बहुतेक याच साधनाचे वंशज आहेत. ही माहिती १९२८ साली प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९३० रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे त्यांचं निधन झालं.

गुरूचं मत आणि शिष्याचा अनुभव

अँगल हुशार होते तसे हट्टीही होते. निसर्गाने दिलेले सगळे दात तोंडात राहिलेच पाहिजेत, ते नीट एकमेकांवर बसवले आणि चावण्याचं काम करू लागले की हाडही त्यांच्याभोवती वाढेल, असं ते मानत. त्यामुळे जागेसाठी दात काढायला त्यांचा ठाम विरोध होता.

त्यांचे एक शेवटच्या काळातले शिष्य चार्ल्स ट्वीड. अॅरिझोना राज्यात जाऊन त्यांनी गुरूच्या पद्धतीने काटेकोर उपचार केले. काही वर्षांनी आपलेच जुने पेशंट तपासले तेव्हा पुष्कळांचे दात परत फिरलेले किंवा पुढे आलेले दिसले. ट्वीड यांनी ते लपवलं नाही. गर्दी असलेल्या तोंडात चार उपदाढा काढून त्यांनी पुन्हा उपचार केले, आणि १९४० साली अशा दोनदा उपचार केलेल्या शंभर केसेस सगळ्यांपुढे मांडल्या. ऑस्ट्रेलियात अँगल यांचेच दुसरे शिष्य रेमंड बेग स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले होते. दात काढायचे की नाही हे आज प्रत्येक मुलाचं तोंड पाहून ठरवतात.

एक गोष्ट मात्र अँगल यांना पुरती ठाऊक होती. दात हलवण्यापेक्षा हलवलेले दात जागेवर धरून ठेवणं अनेकदा जास्त कठीण असतं, असं त्यांनी आपल्या १९०७ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. तारेचा बादशहा म्हणावा असा माणूस हे कबूल करतो, तेव्हा आपण रिटेनर कपाटात टाकून कसं चालेल?

दात परत का फिरतात?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो बारीक तंतूंनी हाडाला बांधलेला असतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवीन भरतं, म्हणून दात सरकतो. तार निघते तेव्हा ही जागा कच्चीच असते. हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी ओढतात. ते नव्याने बसायला काही महिने ते वर्षभर लागतं. गोल फिरवून सरळ केलेले दात तर सगळ्यात लवकर परत वळतात. शिवाय वयाबरोबर खालचे पुढचे दात दाटतातच, ज्यांनी कधी तार लावली नाही त्यांचेसुद्धा.

कोणता रिटेनर घ्यावा?

मुख्य प्रकार तीन आहेत. अंतिम निर्णय डॉक्टरांचाच, पण तार निघायच्या आधी हे विचारून घ्यावं.

१) प्लेट आणि तारेचा रिटेनर : अमेरिकेतल्या चार्ल्स हॉले यांच्या नावाने तो ओळखला जातो. टाळूला ॲक्रिलिकची प्लेट आणि पुढच्या दातांवरून तार असते. तो दणकट असतो, थोडा घट्ट करता येतो, दुरुस्तही होतो. सुरुवातीला बोलताना 'स', 'श' अडखळतात. वर्गात प्रकट वाचन घेताना गुरुजी-मॅडमनी हे लक्षात ठेवावं आणि मुलं हसणार नाहीत हे पाहावं.

२) पारदर्शक रिटेनर : दिसत नाही, बोलायला सोपा. पण झिजतो, तडकतो आणि उष्णतेने वाकडा होतो. बिघडला की नवाच करावा लागतो.

३) मागून चिकटवलेली पक्की तार : पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने बसवतात. हरवण्याची भीती नाही, म्हणून विसराळू किंवा होस्टेलला राहणाऱ्या मुलासाठी विचार करण्यासारखी. पण तिथे किटण साचतं. शिवाय एका दातावरून ती सुटली तर पटकन कळत नाही आणि तेवढाच दात सरकतो. अशा मुलाने ऊस दाताने सोलू नये, कडक फुटाणे पुढच्या दातांनी फोडू नयेत.

नवा रिटेनर लागला तर किती खर्च येईल, हेही आधीच विचारावं.

काळजी कशी घ्यावी?

- किती तास घालायचा ते डॉक्टर सांगतील. साधारणपणे सुरुवातीचे महिने जवळपास दिवसभर आणि नंतर रोज रात्री.
- जेवताना रिटेनर काढावा आणि लगेच डबीत ठेवावा. रुमालात किंवा कागदात गुंडाळला की तो हमखास कचऱ्यात जातो. शाळेत पोषण आहाराच्या वेळी असंच घडतं. डबीवर मुलाचं नाव आणि वर्ग लिहावा.
- साध्या पाण्याने, मऊ ब्रशने हलक्या हाताने रोज धुवावा. गरम किंवा उकळतं पाणी कधीच वापरू नये. पारदर्शक रिटेनरवर टूथपेस्टने ओरखडे पडतात, सौम्य साबण चालतो.
- आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या खिडकीत रिटेनर ठेवू नये.
- घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर ठेवावी. वासामुळे कुत्री रिटेनर चावतात.
- काही दिवस घातला नाही आणि आता घट्ट होतो आहे, तर तो दात सरकल्याचा इशारा समजावा. जोर लावून बसवू नये, लवकर डॉक्टरांना दाखवावं.
- पक्की तार असेल तर बारीक ब्रशने तिच्या खालून रोज सफाई करावी. सहा महिन्यांनी तपासणी करावी.

शेवटी

तार डॉक्टर लावतात आणि डॉक्टरच काढतात. रिटेनर मात्र मुलाला स्वतः रोज आठवणीने घालावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या लेकराकडून हे एकट्याने होत नाही. घरी झोपायच्या आधी आईबाबांनी विचारावं आणि शाळेत जेवणानंतर शिक्षकांनी एकदा आठवण द्यावी. अँगल यांनी आयुष्य घालवून दिलेली तार दात जागेवर आणून देते. त्यांनीच कठीण म्हटलेलं पुढचं काम रोज रात्री आपल्या घरात व्हायचं असतं.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न :
१) पहिली कायमची दाढ कोणत्या वयात येते?
२) तार काढल्यावर दात परत का फिरतात?
३) रिटेनर गरम पाण्याने का धुवू नये?