चार्ली ख्रिश्चन: ज्याचं नाव गिटारच्या पिकअपला मिळालं

गिटार हाती आली की प्रश्न येतोच: कंपनीचा पिकअप ठेवायचा, की बाहेरचा बसवायचा? गोंदियात पिकअप म्हटलं की आधी मालगाडी आठवते. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. पोलादी तार थरथरली की गुंडाळीत सूक्ष्म वीज तयार होते, ॲम्प्लिफायर ती मोठी करतो.

ही वीज खऱ्या अर्थाने वापरणाऱ्या पहिल्या काही वादकांपैकी एक होता चार्ली ख्रिश्चन. जन्म १९१६, टेक्सास; वाढला ओक्लाहोमा सिटीत. वडिलांची दृष्टी गेलेली. मुलांना सोबत घेऊन ते रस्त्यावर वाजवत. त्या काळी बँडमध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोनपुढे गिटार ऐकूच येत नसे. गिटारवाल्याने फक्त ताल धरायचा.

१९३६ मध्ये गिब्सन कंपनीची ‘ईएस-१५०’ आली. तारांखाली पोलादी पात, गिटारच्या पोटात दोन लांब चुंबक. गुंडाळी एकच, त्यामुळे थोडी घरघर यायचीच. पण आवाज जाडसर, गोल. कोणालाही दुकानात मिळणारी ही गिटार घेऊन चार्ली सॅक्सोफोनसारखे एकेक सूर मोकळे वाजवू लागला. ऑगस्ट १९३९ मध्ये, २३ व्या वर्षी, तो बेनी गुडमनकडे दाखल झाला. गोऱ्या बँडप्रमुखाने कृष्णवर्णीय वादक घेणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती. दिवसाचं काम आटोपलं की चार्ली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स क्लबात रात्र जागवायचा.

शरीराने मात्र साथ सोडली. क्षयरोगामुळे १९४१ मध्ये तो रुग्णालयात गेला आणि २ मार्च १९४२ रोजी, अवघ्या २५ व्या वर्षी वारला. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं त्यानंतर सुमारे दीड वर्षाने.

तोवर गिब्सनने दुसऱ्या धाटणीचे पिकअप बसवायला सुरुवात केली होती. वादकांना मात्र जुनाच हवा होता. ओक्लाहोमाचाच बार्नी केसेल याने आपल्या गिब्सनमधला कंपनीचा पिकअप काढून तो बसवला. बदली पिकअपचा रीतसर धंदा १९७२ मध्ये डिमार्झिओच्या ‘सुपर डिस्टॉर्शन’पासून फोफावला.

पिकअप बदलण्याआधी स्क्रूने त्याची उंची कमीजास्त करून पाहावी, तारा नव्या घालाव्यात. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागतं. चार्लीच्या गिटारमधला तो कारखान्यातला साधा पिकअप आता त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या नव्या नकला दुसऱ्या गिटारींत बसवण्यासाठी वेगळ्या विकल्या जातात.