स्टॅन्ली प्रेटर व श्वापदांचा मुलूख

बोरिवली, मुलुंड या बाजूस राहणाऱ्या आमच्या वाचकांस बिबळ्या हा केवळ चित्रातला प्राणी नव्हे. कोणते जनावर कोठवर आढळते, याची शिस्तवार नोंद ठेवण्यात ज्यांचे आयुष्य मुंबईत गेले, त्या स्टॅन्ली हेन्री प्रेटर यांची हकीकत म्हणूनच आम्ही येथे देत आहोत.

प्रेटर यांचा जन्म १८९० साली निलगिरीत झाला. शिक्षण मुंबईस, जेझुइट पाद्र्यांच्या सेंट मेरी शाळेत. १९०७ साली, ऐन पोरवयात, ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत कामास लागले. या संस्थेने १९११ साली देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली. तीत प्रेटरही होते. या कामाचे मर्म विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. कातडे व कवटी मिळविणे हा अर्धाच भाग. त्यास बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ व तारीख नसेल, तर तो नमुना मुकाच. अशा असंख्य चिठ्ठ्या जुळविल्या, तेव्हा कोणत्या प्राण्याचा मुलूख कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे उमगू लागले.

१९२३ साली ते संस्थेचे क्युरेटर झाले. प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममधील, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील, प्राणिविभागही त्यांजकडेच होता. त्यांच्या कारकीर्दीत, १९२९ साली, विहार तलावानजीक एक वाघ मारला गेला. साष्टी बेटावर वाघ, हे आज कोणास खरेही वाटणार नाही! परंतु वाघ उत्तम पोहतो. खाडी म्हणजे त्याची वेस नव्हे. नराचा मुलूख मोठा असतो व त्यात दोनतीन माद्यांचे मुलूख सामावतात. मूत्राच्या वासाने व झाडावरील नखांच्या ओरखड्यांनी तो आपल्या सीमा राखतो. तरण्या नरास मात्र नवी जागा शोधीत दूर जावे लागते.

शिकारीचा शौक भरात असताना, १९३३ साली, प्रेटर यांनी वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा प्रश्न जाहीरपणे मांडला, याचे आम्हांस विशेष वाटते. मुंबई कायदेमंडळात व पुढे घटना समितीत ते अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी होते. १९४८ साली त्यांचा हिंदी प्राण्यांवरील ग्रंथ निघाला. तो आजही अभ्यासकांच्या हाती दिसतो. त्यानंतर ते विलायतेस गेले आणि १९६० साली तेथेच वारले. प्रत्येक जनावराचे घर नोंदणारा हा गृहस्थ स्वतःच्या घरापासून इतक्या दूर निवर्तला.

त्यांच्या काळी चिठ्ठी मेलेल्या जनावरास बांधीत. आता जिवंत जनावराच्या गळ्यात पट्टा घालतात. २००९ साली पारनेर तालुक्यातील एका विहिरीत सापडलेल्या वयस्क बिबळ्यास असा पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. अभ्यासकांनी त्याचे नाव आजोबा ठेविले. आग्रा रस्ता व कसाऱ्याची आगगाडी ओलांडीत, सुमारे १२० किलोमीटर चालून, तो थेट आमच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानापाशी आला. उद्यानाचे क्षेत्र अवघे १०४ चौरस किलोमीटर, आणि २०१५ च्या मोजणीत त्यात ३५ बिबळे भरले होते. आजोबा २०११ साली मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला.