बर्नहार्ड झोंडेक : संप्रेरकांचा माग काढणारा निर्वासित संशोधक

गर्भधारणेच्या पहिल्या विश्वासार्ह प्रयोगशालेय चाचणीचे एक जनक, स्त्रीरोगतज्ज्ञ बर्नहार्ड झोंडेक यांचा जन्म 29 जुलै 1891 रोजी तत्कालीन जर्मनीतील व्रोंके या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे.

अंडाशयाचे कार्य कोणाच्या आज्ञेने चालते, हा त्यांच्या संशोधनाचा मूळ प्रश्न होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अंश अपरिपक्व मादी उंदरांच्या शरीरात बसवला असता त्यांचे अंडाशय अकाली परिपक्व होतात, असे त्यांनी बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम यांच्या साथीने दाखवून दिले. गर्भवतीच्या मूत्रानेही तसाच परिणाम होतो, हे आढळल्यावर 1927-28 च्या सुमारास आशहाइम-झोंडेक चाचणी आकारास आली. पुढे 1930 मध्ये गाभण घोडीच्या मूत्रात स्त्रीसंप्रेरकांचा विपुल साठा असल्याचे झोंडेक यांनी दाखवले.

1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे झोंडेक यांना स्पांडाऊ येथील रुग्णालयातील विभागप्रमुखपद गमवावे लागले. आशहाइम यांनाही देश सोडावा लागला. झोंडेक स्टॉकहोममार्गे 1934 मध्ये जेरुसलेमला पोहोचले. देशांतराच्या त्याच वर्षी त्यांचा सर्वांत विस्मयकारक निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पूर्ण वाढ झालेल्या नर घोड्याच्या मूत्रातही स्त्रीसंप्रेरक प्रचंड प्रमाणात असते.

नर आणि मादी यांची संप्रेरके सर्वस्वी वेगळी असतात, या समजाला त्यामुळे धक्का बसला. स्त्रीसंप्रेरक हे पुंसंप्रेरकापासूनच घडते, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. घोडीच्या बीजपुटकातील दोन प्रकारच्या पेशींमध्ये संप्रेरकनिर्मितीचे काम विभागलेले असते, असा सिद्धांत रॉजर शॉर्ट यांनी 1962 मध्ये मांडला. आजच्या माहितीनुसार बाहेरील आवरणाच्या पेशी कोलेस्टेरॉलपासून पुंसंप्रेरके बनवतात, तर आतील पेशी अरोमाटेज या विकराच्या साहाय्याने त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. गाभण घोडीत मात्र गर्भाच्या जननग्रंथी कच्चा माल पुरवतात आणि वार त्यापासून इस्ट्रोजेन तयार करते. त्या मूत्रातून मिळवलेले इस्ट्रोजेन 1942 पासून अमेरिकेत रजोनिवृत्तीच्या त्रासावर औषध म्हणून वापरात आले.

झोंडेक यांनी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात अध्यापन केले आणि हदासा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागाची धुरा वाहिली. 1958 मध्ये त्यांना इस्रायल पुरस्काराने गौरवण्यात आले. 8 नोव्हेंबर 1966 रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. मायदेशाने पद हिरावून घेतले, तरी त्यांची संशोधनसाधना खंडित झाली नाही.