बुद्धिबळातील बंडखोर : रिचर्ड रेटी

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आम्हा गोंदियाच्या विद्यार्थ्यांतही बुद्धिबळाचे वारे शिरले. जुने डाव मांडता मांडता एक डाव असा भेटला, की त्यात जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याचीच मला ओढ लागली. तो हरणारा म्हणजे रिचर्ड रेटी.

रेटीचा जन्म २८ मे १८८९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीतील पेझिनोक येथे झाला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. गणित शिकायला तो व्हिएन्नाला गेला आणि बुद्धिबळातच रमला. पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापावा, हा त्या काळी जणू धर्मच होता. रेटी व त्याचे समविचारी यांनी निराळे मांडले. मध्य लगेच बळकावू नये. कडेला उंट बसवून दुरून त्यावर मारा धरावा. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात बंगालचे महेशचंद्र बॅनर्जी आपला उंट असाच कडेला बसवीत.

१९२४ साली न्यूयॉर्कला याच पद्धतीने रेटीने जगज्जेत्या कॅपाब्लांकाला नमविले. आठ वर्षांतला कॅपाब्लांकाचा तो पहिला पराभव! पण १९२५ साली बाडेन-बाडेन येथे गाठ पडली अलेखाइनशी. पांढरी मोहरी घेऊन रेटीने राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकविले. अलेखाइनने राजापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि दुसऱ्याच चालीत त्याच प्याद्याने रेटीचा घोडा हुसकला. सव्विसाव्या चालीला त्याने आपला हत्ती थेट रेटीच्या प्याद्याच्या तोंडी दिला. तो मारावा, तर राजा उघडा पडतो! पुढे दोन्ही वजीर पटावरून गेले, तरी हल्ला थांबला नाही. चाळीस चालींत काळा जिंकला.

मग रेटीचा विचार खोटा ठरला काय? मला तसे वाटत नाही. त्याच वर्षी साओ पाउलोत पट न पाहता एकाच वेळी २९ जणांशी खेळून त्याने विश्वविक्रम केला. ६ जून १९२९ रोजी प्राग येथे स्कार्लेट फीवरने तो गेला, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. त्याच्या नावाची सुरुवात मात्र जगज्जेतेही खेळत आले आहेत.

मित्रहो, आपला जिल्हाही महाराष्ट्राच्या कडेचाच. मध्यापासून दूर असल्याची खंत आपल्याला टोचते. कडेवरूनही मध्यावर वचक ठेवता येतो, हे रेटीने दाखविले. आणि त्यासाठी एखादा डाव गमावण्याची तयारी लागते, हेही.