संगीत नाटकाचे अण्णासाहेब

विद्यार्थी मित्रांनो, लखनौचे कवी अमानत यांच्या ‘इंदरसभा’ या उर्दू नाटकाचे नाव तुम्ही ऐकले असेल. हे नाटक गाण्यांनी भरलेले आहे. एका पारशी नाटक मंडळीने पुण्यात त्याचा प्रयोग केला. प्रेक्षकांत अण्णासाहेब किर्लोस्कर होते. असे नाटक मराठीत का नसावे, असे त्यांच्या मनात आले.

अण्णासाहेबांचा जन्म १८४३ साली गुर्लहोसूर येथे झाला. ते सरकारी नोकरी करीत. पण ओढ नाटकाची होती. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणले. पदे रचली आणि चालीही बांधल्या. कीर्तन, लावणी, कानडी गाणी, रागदारी, जिथे गोड चाल मिळाली तिथून ती घेतली. पूर्वी बहुतेक पदे सूत्रधारच म्हणे. आता पात्रे स्वतः गाऊ लागली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला. १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले.

१८८५ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते वारले. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. पण त्यांची मंडळी थांबली नाही. पुढे बालगंधर्व याच मंडळीत नावारूपाला आले. महाराष्ट्र शासन संगीत रंगभूमीची सेवा करणाऱ्या कलावंतांना अण्णासाहेबांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. ‘सौभद्र’ची पदे लोक आजही आवडीने गातात. कलावंताला याहून मोठा मान कोणता?

हदगावच्या मित्रांनो, तुम्ही उर्दूत शिकता आणि मराठीही वाचता. एका भाषेतले चांगले दुसरीत कसे फुलते, हे अण्णासाहेबांकडून शिका.