सर नॉर्मन लॉकियर : प्रकाशरेषांचा वाचक

विजयदुर्ग किल्ल्यावर आजही ‘साहेबाचे कट्टे’ दाखविले जातात. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी ज्या साहेबाने तेथे आपली उपकरणे उभारली, ते सर जोसेफ नॉर्मन लॉकियर होत. त्या दिवशी चंद्राची छाया कोकण किनाऱ्यावरून जेऊर व पुलगाव ओलांडून, आपल्या जबलपूरपासून फार दूर नसलेल्या शहडोलवरून बक्सरकडे गेली. जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला निरीक्षणास बसले होते, तर शहडोलला इंग्लंडचे राजज्योतिषी ख्रिस्ती होते.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडातील रग्बी येथे झाला. ते युद्धखात्यात कारकून होते. आकाशनिरीक्षण हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. त्या छंदाला वर्णपटदर्शकाची जोड मिळाली आणि आयुष्याची दिशाच पालटली. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला व दुसऱ्या दिवशी ग्रहणाविनाही तो पाहता येतो हे दाखविले. लॉकियर यांनीही ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात राहूनच स्वतंत्रपणे तेच साधले. (हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्गावर लागला, ही समजूत म्हणूनच खरी नव्हे.) त्या वर्णपटात सोडियमच्या जोडरेषांपाशी, परंतु त्यांहून निराळी, एक पिवळी रेषा होती. ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची आहे असा निष्कर्ष काढून त्याला सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हेलियम’ हे नाव देण्यात आले. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ही कल्पना मानली नाही. १८९५ मध्ये रॅम्झी यांना एका युरेनियमयुक्त खनिजात हा वायू सापडला, तेव्हा २७ वर्षांची प्रतीक्षा संपली.

दुसरा वाद मात्र याहून दीर्घकाळ चालला. काही मूलद्रव्यांच्या रेषा भट्टीत एक आणि प्रखर विद्युत्-ठिणगीत वा ताऱ्यांत दुसऱ्याच दिसतात, हे लॉकियर यांच्या ध्यानी आले. अतिउष्णतेने अणूच फुटत असावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. अणू अविभाज्य मानण्याच्या त्या काळात हे धाडस उपहासास पात्र ठरले. तरीही ते मागे हटले नाहीत. १८६९ मध्ये स्थापन केलेल्या ‘नेचर’ साप्ताहिकाचे संपादन ते ५० वर्षे करीत राहिले. ताऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यासही अखंड चालू होता.

उत्तर अणूच्या रचनेत दडलेले होते. अणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहतात. वरच्या पातळीवरून खाली येताना ते तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश देतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात त्या यामुळेच. हेलियमचे दोनही इलेक्ट्रॉन पहिल्या कवचात असून ते कवच पूर्ण भरलेले असते. म्हणून तो वायू कोणाशी सहसा संयोग पावत नाही, आणि त्याच्या इलेक्ट्रॉनांना वर चढविण्यास मोठी ऊर्जा लागते. ती ऊर्जा सूर्याच्या तप्त वातावरणात मिळते. तापमान पुरेसे वाढले की अणूतून इलेक्ट्रॉन निसटतो; उरलेल्या आयनाची रचना बदलते व त्याबरोबर त्याच्या रेषाही. सूर्याच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या ठळक रेषा अशा एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्याच आहेत.

हे गणिताने सिद्ध केले ते कोलकात्याच्या तरुण मेघनाद साहा यांनी. त्यांचा निबंध ऑक्टोबर १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. लॉकियर यांचे निधन १६ ऑगस्ट १९२० रोजी झाले होते. अणू फुटून वेगळी मूलद्रव्ये बनतात, हा त्यांचा तपशील चुकला होता. परंतु उष्णता अणूची घडण बदलते, हे त्यांचे मर्मग्रहण खरे ठरले. ते पाहावयास ते दोन महिनेही थांबू शकले नाहीत. तथापि रेषा जशी दिसली तशी नोंदवून ठेवण्याचे त्यांचे व्रत पुढच्या पिढीच्या उपयोगी पडले. शिक्षणाचे ऋणही बहुधा असेच, उशिरा आणि दुसऱ्याच कोणाच्या हातून फिटते.