डॉ. वसंत रामजी खानोलकर

रोग बरा करणे कठीण खरे. परंतु तो कशामुळे झाला हे शोधून काढणे त्याहूनही कठीण. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या शोधासाठी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठात त्यांनी विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगाने शरीरात होणाऱ्या बदलांच्या शास्त्राचे, उच्च शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत अध्यापन केले. १९४१ मध्ये तेथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोगाच्या रुग्णांना तपासताना त्यांचे लक्ष लोकांच्या सवयींकडे वेधले. बिहारात खैनी ओठाआड ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाला, तर आंध्रात चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला कर्करोग होतो, असे त्यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले.

पण सवय आणि रोग एकत्र आढळले, एवढ्याने सवयीवर दोष ठेवता येतो काय? चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा सर्रास खाल्ला जातो. समजा, तेथील शंभर रुग्णांपैकी ऐंशी जण खर्रा खाणारे निघाले. गावातील शंभर निरोगी माणसांतही ऐंशी जण तो खात असतील, तर या संख्येवरून काहीच सिद्ध होत नाही. निरोगी माणसांत तीसच जण खात असतील, तर मात्र संशय बळावतो. तेव्हाही दोन्ही गटांतील माणसे वयाने सारखी आहेत ना, हे पाहावे लागते. कारण उतारवयात कर्करोग अधिक होतो.

म्हणूनच खानोलकर व त्यांचे सहकारी सांघवी आणि राव यांनी रुग्णांबरोबर कर्करोग नसलेल्या माणसांच्याही सवयींची चौकशी केली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तंबाखू चघळण्याचा तोंडाच्या कर्करोगाशी, तर धूम्रपानाचा घशाच्या कर्करोगाशी संबंध दिसून आला. पुढे अनेक देशांतील संशोधनाने तंबाखूवरील दोष निर्विवाद सिद्ध केला. खर्र्यातही तीच तंबाखू असते!

खानोलकर भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. रोग्याइतकेच निरोग्यालाही विचारावे आणि मगच निर्णय द्यावा, हा धडा त्यांच्या कार्यातून मिळतो.